सहा गुण

रविवारी सकाळी पावणेनऊला
परळच्या हॉटेलात, खिडकी नसलेल्या हॉलच्या दाराशी
मी सही करते, पिशवी घेते.
पिशवीत वही, पेन, टूथपेस्टची बोटभर नळी.
बिल्ल्यावर माझं नाव: डॉ. वत्सला खोपडकर.
मी खोपकर. असू दे.

एकोणतीस वर्षं कवळ्या बसवते
शिवडी नाक्यावर, औषधाच्या दुकानाच्या माडीवर.
नोंदणी टिकवायची तर गुण हवेत.
आजचे सहा.

शिकवणारा मुलगा माझ्या धाकट्यापेक्षा लहान.
म्हणतो, आता साचा नको, प्लास्टर नको,
हा कॅमेरा तोंडात फिरवा,
दीड मिनिटात सगळे दात पडद्यावर.
माझ्या बोटांना अजून मेण कळतं,
किती तापलं की वाकतं, किती तापलं की रडतं.
तरी लिहून घेते.
शेजारी मोमीन सर, निवृत्त होऊन चार वर्षं झाली,
हात वर करून विचारतात,
"लाळ जास्त असेल तर?"
हॉल हसतो. प्रश्न बरोबर असतो.

मंगळवारी आम्ही चौघं मंत्रालयात होतो:
मी, मोमीन सर, फिरोजा कॉन्ट्रॅक्टर,
आणि संघटनेचा नवा चिटणीस,
ज्याला पासच्या रांगेतच घाम फुटला.
निवेदन पाचवं. मागणी एका ओळीची,
साठीपुढच्यांना पालिकेच्या दवाखान्यात कवळी मोफत.
चौथ्या निवेदनावर शेरा होता:
सौंदर्यविषयक. इतर बाबींत घ्यावे.

"डॉक्टर," साहेब म्हणाले,
"दात नाहीत म्हणून कुणी मरत नाही."

दिवसभर लोकांना सांगते, आ करा, अजून, अजून मोठा,
आणि तिथे माझीच दातखीळ बसली.
बोलल्या त्या फिरोजाबाई:
"मरत नाय साहेब. पन भाकरी बी खात नाय."

मग मी अनसूया घरतांचं सांगितलं.
नवऱ्याचं तेरावं उरकून आल्या होत्या,
रुमालात त्याची कवळी घेऊन.
"चांगली आहे हो, वर्षभरच वापरली.
जरा कानस मारून मला बसवून द्या."
म्हटलं, मावशी, दुसऱ्याची बसत नाही.
"चप्पल बसते, चष्मा बसतो," त्या म्हणाल्या,
"मग हीच का नाही?"

साहेब ऐकत होते.
ऐकताना डावा हात ओठांवर.
आम्ही शिरल्यापासून तो तिथेच होता.
वरचा सुळा नाही, बहुधा शेजारचाही.
चौघांनी पाहिलं, चौघं गप्प राहिलो,
एवढा तरी धंदा कळतो आम्हाला.
"ठेवून जा," ते म्हणाले.

जेवणानंतर प्रात्यक्षिक.
खुर्चीत कुणी बसायचं म्हणून मी बसले.
दिव्याखाली उताणी.
छत या बाजूने कधी पाहिलंच नव्हतं.
"आ करा मॅडम. अजून थोडा."
आणि पडद्यावर माझे दात, भिंतीएवढे,
खालचे पुढचे, कडा गेलेल्या,
टाकी न लावलेल्या जात्यासारखे गुळगुळीत.
मुलगा आवाज खाली आणून विचारतो,
"झोपेत दात खाता का, मॅडम?"

पाच निवेदनं. तीन सरकारं.
वडील म्हणायचे, दातांच्या कण्या केल्या तरी ऐकत नाहीत.
मला वाटायचं, नुसतं बोलणं आहे ते.

"आधी लाळ पुस रे," मागून मोमीन सर.
हॉल हसतो. मीही हसते, कॅमेरा तोंडात धरून,
आणि पडद्यावर सगळं हलतं.

प्रमाणपत्रावरही खोपडकर.
दुरुस्त करून घ्यायला हवं, नाहीतर गुण तिच्या नावावर.
सहावं निवेदन सौंदर्य या शब्दापासूनच सुरू करीन.
साहेबांना माडीचा पत्ता द्यावा का?
नको. लाच दिसेल.

अनसूयाबाईंना नवी करून दिली. पैशांचं विचारू नका.
जुनी त्या परत नेईनात.
खणात आहे अजून, रुमालासकट.
"ठेवा हो," म्हणाल्या, "कुणाला तरी बसेल."